सॉफ्टवेअरचे वार्षिक शुल्क नेमके कशाचे?

(रत्नागिरी येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मित्रहो, या सभागृहात एकट्याने किंवा दोघातिघांनी मिळून डेस्कटॉप सॉफ्टवेअर लिहिणारे काही जण आहेत, आणि ते वापरणारे, म्हणजे कॅनिंगच्या कारखान्यात बिले करणारे, होमस्टेच्या नोंदी ठेवणारे, लग्नपत्रिका आणि स्मरणिका जुळवणारे डीटीपीवाले, त्याहून जास्त आहेत. वापरणाऱ्याला वाटते की एकदा पैसे मोजले, वस्तू आपली झाली. लिहिणाऱ्याला मात्र ठाऊक असते की वस्तू विकली तरी तिचे काम संपत नाही.

लिहिणाऱ्याची बाजू आधी मांडतो, कारण ती सहसा कुणी ऐकून घेत नाही. 2019 साली ॲपलच्या संगणकांची कॅटॅलिना ही नवी कार्यप्रणाली (मॅकओएस) आली आणि 32 बिटची, म्हणजे जुन्या पद्धतीने बांधलेली, सगळी ॲप्लिकेशन्स तिच्यावर चालेनाशी झाली. पुढच्याच वर्षी ॲपलने इंटेल सोडून स्वतःची चिप आणली. बिलिंगचे सॉफ्टवेअर करणाऱ्याला तर 1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू झाल्यापासून उसंत नाही. ई-इनव्हॉइसची, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवण्याची, सक्ती ऑक्टोबर 2020 मध्ये 500 कोटींच्या वरच्या उलाढालीपासून सुरू झाली, ती ऑगस्ट 2023 मध्ये 5 कोटींपर्यंत खाली आली, आणि सप्टेंबर 2025 मध्ये कराचे टप्पेच बदलले. ज्याने 2016 साली एकदाच पैसे घेतले, त्याने ही सगळी कामे कुणाच्या पैशाने करायची? नव्या गिऱ्हाइकांच्या, हे एकच उत्तर उरते, आणि ज्या दिवशी नवी गिऱ्हाइके थांबतात त्या दिवशी जुन्यांची देखभालही थांबते. पूर्वी दोन-तीन वर्षांनी नवी आवृत्ती काढून अपग्रेडचे पैसे घेत. पण त्या पद्धतीत दिखाऊ सोयी विकल्या जातात आणि चुका दुरुस्त करण्याचे कष्ट फुकट जातात.

म्हणून सबस्क्रिप्शन, म्हणजे वापर चालू ठेवण्यासाठी दर महिन्याला किंवा वर्षाला पैसे भरण्याची पद्धत, आले. मे 2013 मध्ये फोटोशॉपवाल्या ॲडोबीने आपल्या सीएस6 या सॉफ्टवेअर-संचानंतर नवी आवृत्ती कायमची विकत मिळणार नाही असे जाहीर केले, आणि पुढे युलिसिस हे लेखनाचे ॲप करणाऱ्यांसारख्या छोट्या संघांनीही 2017 मध्ये तोच मार्ग धरला. त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. मला आक्षेप आहे तो पैसे थांबताच सॉफ्टवेअर चालायचे थांबण्याला. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, इंटरनेटची गोष्ट तर दूरच. अशा वेळी जनरेटरवर संगणक चालू करता येतो, पण दर महिन्याला सर्व्हरला विचारून उघडणारे सॉफ्टवेअर उघडेलच याची खात्री नसते. शिवाय आपल्याकडे 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीची सूचना 24 तास आधी द्यावी लागते आणि ठरावीक मर्यादेवरच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागतो. ही मर्यादा आधी 5,000 रुपये होती, जून 2022 मध्ये ती 15,000 झाली. नियम गिऱ्हाइकाच्या हिताचाच आहे, पण ज्या परदेशी विक्रेत्यांनी त्याची व्यवस्था केली नाही त्यांची वसुली अडली आणि सॉफ्टवेअर सोडण्याचा विचारही न केलेले लोक बाहेर पडले.

आपल्या गावांत सुताराला वर्षाचे धान्य मिळे ते नांगर दुरुस्त ठेवण्याबद्दल. एखाद्या वर्षी ते देणे जमले नाही तर दुरुस्ती अडे, परंतु नांगर शेतकऱ्याच्याच गोठ्यात राही. (बलुतेदारीतील जातीच्या जुलमाचे मला मुळीच कौतुक नाही, व्यवहाराची ही एक रीत तेवढी घेतो.) सॉफ्टवेअरमध्येही हे घडलेले आहे. प्रोग्रामरांसाठी साधने बनवणाऱ्या जेटब्रेन्स कंपनीने सप्टेंबर 2015 मध्ये निव्वळ सबस्क्रिप्शन जाहीर केले, तेव्हा प्रोग्रामर इतके खवळले की काही आठवड्यांतच कंपनीने धोरण बदलले, आणि सलग बारा महिने पैसे भरणाऱ्याला एक ठरावीक आवृत्ती कायमची वापरण्याचा हक्क मिळाला. सब्लाइम टेक्स्ट या कोड लिहिण्याच्या एडिटरच्या वैयक्तिक परवान्यात तीन वर्षांचे अपडेट मिळतात, त्यानंतर तोवरच्या आवृत्त्या चालूच राहतात. आणि आपल्या बाजारपेठेतल्या प्रत्येक हिशेबनिसाला ठाऊक असलेली टॅली? तिचा कायमचा परवाना घेतलेल्याने टीएसएस या तिच्या अपडेट-सेवेच्या वर्गणीचे नूतनीकरण केले नाही, तर नव्या आवृत्त्या आणि जोडसेवा थांबतात; जुनी खाती उघडायची बंद होत नाहीत.

माझे मत असे, की ज्या सॉफ्टवेअरमागे लिहिणाऱ्याचा सर्व्हर रोज चालतो, त्याला नियमित शुल्क घेणे रास्तच आहे. जे संपूर्णपणे गिऱ्हाइकाच्या संगणकावर चालते, त्याचे वार्षिक शुल्क देखभालीपुरतेच असावे, आणि पैसे थांबल्यावर काय चालू राहील व नोंदी कोणत्या स्वरूपात बाहेर काढता येतील, हे किमतीच्या शेजारीच लिहिलेले असावे. इथल्या लिहिणाऱ्यांना एक व्यावहारिक सूचना करतो. हापूसचा व्यवसाय मार्च ते मे असा चालतो, होमस्टे पावसाळ्यात ओस पडतात. अशा गिऱ्हाइकाकडून महिन्याची आपोआप वसुली मागण्यापेक्षा हंगाम सुरू होण्याआधी, फेब्रुवारीत, वर्षाची रक्कम यूपीआयने एकदा मागावी, आणि या वर्षात काय काय दुरुस्त केले त्याची यादी त्याच निरोपात जोडावी.