पावाच्या चुऱ्यातला नकार

(पॅरिस, पहाटेची बेकरी. फळीवर पावाचा चुरा.)

हा चुरा रोज पडतो, रोज झाडला जातो. लॅटिनमध्ये याला म्हणायचे 'मिका'. याच चुऱ्यानं पुढे 'नाही' म्हणायचं काम केलं.

झालं असं, की लॅटिनचं 'नोन' झिजत झिजत फ्रेंचमध्ये नुसतं 'न' उरलं. कानावर पडलं न पडलं, इतकं बारीक. मग नकार ठसवायला लोकांनी हाताशी असेल ते घेतलं. चालत नाही, पाऊलभरही: 'पा'. खात नाही, चुराभरही: 'मी'. पीत नाही, थेंबभरही: 'गूत'. आपणही 'काडीची अक्कल नाही' म्हणताना काड्या कुठे मोजतो?

(दगडी रस्ता. चालणारे पाय.)

बाजी मारली पावलानं. हळूहळू ज्यांचा चालण्याशी संबंध नाही, अशा क्रियापदांनाही ते चिकटलं. मला माहीत नाही: 'ज न से पा'. जोर द्यायला आणलेला शब्द वापरून वापरून गुळगुळीत झाला आणि व्याकरणात जाऊन बसला. थेंब एका वाक्प्रचारात तेवढा उरलाय. अंधारात काही दिसेना, की फ्रेंच माणूस अजून 'गूत' म्हणतो. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी १९१७ मध्ये नकाराचा हा फेरा मांडला.

(कॅफे. मूळ आवाज वाढवा.)

ऐकलंत? 'शे पा.' यात 'न' नाहीच. शाळेत लिहिताना तो लागतो, गप्पांत बहुतेक वेळा गळतो. याला अशुद्ध म्हणणारे आहेत. पण जुन्या रोमनाला 'न से पा'सुद्धा गावंढळच वाटलं असतं.

(मिलान, बाजार. भाजीवाली हसते.)

इटलीत चुऱ्याची तऱ्हा वेगळी. 'नोन फा फ्रेद्दो' म्हणजे थंडी नाही. 'नोन फा मिका फ्रेद्दो' म्हणजे थंडी *काही* नाहीये, उगाच स्वेटर घालू नकोस! समोरच्याच्या मनातला समज खोडायचा, तर 'मिका'. 'मी काही वेडा नाही' मधलं आपलं 'काही' आठवा. आणि मिलानच्या जुन्या बोलीत याचंच भावंड, 'मिंगा', क्रियापदामागून येऊन एकट्यानं नकार देतं. 'नोन'ची गरजच नाही.

(पुन्हा बेकरी. बाई पाव पुढे करते, थांबते.)

'न' गळाल्यानं एक घोळ मात्र झालाय. 'plus' म्हणजे 'आणखी', पण सोबत 'न' आला की 'आता नाही'. चिठ्ठीत नुसतं 'plus' लिहिलं, तर आणखी हवं की आता नको? बोलताना 'आणखी'साठी शेवटचा 'स' उच्चारतात: 'प्ल्यूस'; 'आता नाही'साठी गिळतात: 'प्ल्यू'.

(गिऱ्हाईक 'स' म्हणतं. पाव पिशवीत.)