मृत्युपत्रातला लाभार्थी आधी गेला तर

(सांगली येथे ज्येष्ठ नागरिकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मृत्युपत्राचा वाद घेऊन कोणी आले, की मृत्युपत्र उघडण्याआधी मी मृत्यूचे दाखले मागतो. एक मृत्युपत्र करणाऱ्याचा आणि दुसरा, ज्याला मिळकत दिली तोही हयात नसेल तर त्याचा. दोन्ही दाखले शेजारी ठेवून तारखा वाचल्या की निम्मे उत्तर मिळते, कारण १९२५ चा भारतीय वारसा कायदा प्रथम हेच पाहतो की दोघांपैकी आधी कोण गेले. आज मी ज्या कलमांविषयी बोलणार आहे, ती हिंदूंच्या मृत्युपत्रांना लागू आहेत. मुस्लिम बांधवांसाठी त्यांचा व्यक्तिगत कायदा पाहावा लागतो.

करणारा वारला त्या वेळी लाभार्थी जिवंत असेल, तर विनाअट दिलेल्या मिळकतीवर त्याचा हक्क त्याच दिवशी पक्का होतो आणि पुढे आठवड्याभरात तो गेला, तरी तो हक्क त्याच्या वारसांकडे जातो. ‘सातबाऱ्याला नाव लागायच्या आत गेला, आता कसला हक्क’ असे गावागावांत ठामपणे सांगितले जाते. ते चूक आहे. फेरफाराची नोंद महसुलाच्या कामासाठी असते, मालकी तिच्यातून जन्माला येत नाही.

खरे दुःख दुसऱ्या बाजूला आहे. तासगाव भागातील एका निपुत्रिक, विधुर गृहस्थांनी स्वकष्टार्जित द्राक्षबाग पुतण्याच्या नावे लिहून ठेवली होती. पुतण्याचे वडील आधीच वारले होते. छाटणीपासून बेदाणा शेडवर टाकेपर्यंतचे सगळे काम हा पुतण्याच बघत होता, आणि चुलत्यांचे शेवटचे आजारपणही त्याच्या घरीच सुरू झाले. पण चुलत्यांच्या आधी पुतण्याच गेला. त्यानंतर दोन वर्षे चुलते हयात होते, आणि बाग आता पुतण्याच्या मुलांची, म्हणजे आपल्या नातवंडांचीच, असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले. ते वारले, आणि मृत्युपत्रातले ते कलम निष्फळ ठरले. कलम १०५ सांगते की लाभार्थी आधी वारला तर त्याला दिलेली वस्तू उरलेल्या, म्हणजे मृत्युपत्रात वेगळी नेमून न दिलेल्या, मिळकतीत मिसळते, जोपर्यंत ती अन्य कोणाला द्यावी असा हेतू मृत्युपत्रातच दिसत नाही. उरलेल्या मिळकतीविषयी त्या कागदात एक ओळही नव्हती, म्हणून १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बाग हयात असलेल्या दुसऱ्या भावाकडे गेली. ज्या मुलांना चुलते नातवंडे म्हणत होते, त्यांना काही मिळाले नाही. चुलते येणाऱ्या-जाणाऱ्याला जे सांगत होते ते मनापासून होते, परंतु कागदावर आले नव्हते.

येथे कोणी म्हणेल, मुलाच्या बाबतीत तर असे होत नाही. बरोबर आहे. लाभार्थी स्वतःचा मुलगा, मुलगी किंवा नातवंड असेल आणि त्याची मुलेबाळे करणाऱ्याच्या मागे हयात असतील, तर कलम १०९ ते दान वाचवते; पुतण्या, भाचा, भाऊ यांना हे संरक्षण नाही. मात्र या कलमाचे काम नीट समजून घेतले पाहिजे. मिळकत थेट नातवंडांना जात नाही. कायदा असे धरतो की मुलगा वडिलांच्या पाठोपाठ वारला, आणि मग ती मिळकत मुलाची म्हणून त्याच्या वारसांत वाटली जाते. त्यात त्याची पत्नी येते, मुले येतात आणि आई हयात असेल तर तीही येते. मुलाने स्वतःचे मृत्युपत्र करून सर्व काही पत्नीला दिले असेल, तर ते पत्नीलाच जाते. आणि मूल नसतानाच मुलगा गेला, तर हे संरक्षणच लागत नाही. मग सुनेचा वाटा या एका गोष्टीवर लोंबकळतो, की उरलेली मिळकत मृत्युपत्राने इतर कोणाला दिली आहे की नाही. दिली असेल तर तिच्या हाती काही येत नाही. मी अशा सुनांशी बोललो आहे, म्हणून हे जोर देऊन सांगतो.

दोन भाच्यांना मिळून एक घर दिले आणि एक आधी गेला, तर दुसऱ्याला सबंध घर मिळते. ‘निम्मे-निम्मे’ लिहिले असेल, तर गेलेल्याचा निम्मा उरलेल्या मिळकतीत जातो.

शेवटी एका कागदाविषयी सांगतो. निळ्या शाईने टंकलिखित मजकुरातील गेलेल्या मुलाचे नाव एका रेघेने खोडले होते, वर थरथरत्या अक्षरात सुनेचे नाव लिहिले होते आणि शेजारी सही केली होती. साक्षीदारांच्या सह्या मात्र नव्हत्या. कलम ७१ प्रमाणे असा बदल मृत्युपत्राइतक्याच रीतीने, म्हणजे दोन साक्षीदारांसह व्हावा लागतो. खालचे नाव स्वच्छ वाचता येत होते, म्हणून मृत्युपत्र जुन्या नावानेच वाचले गेले. या आजोबांनी वेगळ्या कागदावर पुरवणी मृत्युपत्र केले असते, दोन साक्षीदारांसमोर सही केली असती आणि त्यांच्याही सह्या घेतल्या असत्या, तर ते पुरेसे होते. नोंदणीची सक्तीही नव्हती. आणि मूळ मृत्युपत्रातच पुढील वाक्य असते, तर तो कागदही लागला नसता: ‘सदर लाभार्थी माझ्या हयातीत वारल्यास ही मिळकत त्याच्या पत्नीस मिळावी, आणि तीही हयात नसल्यास त्यांच्या मुलांना समान हिश्श्याने मिळावी.’