उत्खननाचा ठेका

पुरातत्त्व म्हटलं की विद्यापीठ आणि सरकारी खातं आठवतं. ब्रिटनमध्ये मात्र आज बहुतेक उत्खननं ठेकेदार संस्था करतात. निविदा भरायची, दर लावायचा, ठरल्या तारखेला जागा मोकळी करून द्यायची.

१९८९ साली लंडनमध्ये, थेम्सच्या दक्षिण काठावर, कार्यालयाची इमारत उठत असताना रोझ या सोळाव्या शतकातल्या नाटकघराचा पाया उघडा पडला. नट, अभ्यासक, साधी माणसं रस्त्यावर उतरली आणि इमारतीचा आराखडा बदलावा लागला. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९९० मध्ये, इंग्लंडसाठी ‘पीपीजी १६’ हे नियोजन धोरण आलं. बांधकामानं जुना पुरावा नष्ट होणार असेल, तर तो आधी नोंदवून घ्यायचा आणि खर्च विकासकानं सोसायचा, ही रीत त्यातून रुजली. ‘ऑक्सफर्ड आर्किऑलॉजी’ ही उत्खनन करणारी संस्था १९७३ची, तशीच ‘वेसेक्स आर्किऑलॉजी’ १९७९ची. आता त्यांनाही निविदांच्या बाजारात उतरावं लागलं. या दोन्ही कायद्यानं धर्मादाय संस्था आहेत, म्हणजे शिल्लक वाटून घेणारे भागधारक त्यांना नाहीत. दर मात्र त्यांनाही खासगी कंपन्यांशी स्पर्धा करूनच लावावे लागतात.

या धंद्याची खरी गाठ गिऱ्हाइकापाशी आहे. विकासकाला हवी असते बांधकामाची वाट मोकळी. खालच्या थरांत काय दडलंय याची त्याला ओढ असेलच असं नाही. काम नीट झालं की नाही, हे पाहतो स्थानिक प्रशासनाचा पुरातत्त्वज्ञ, आणि तो पैसे देत नाही. पैसे एकाचे, पारख दुसऱ्याची. मग स्वस्त निविदेकडे कल झुकणारच.

शिवाय दर लावायचा तो न दिसणाऱ्या मालाचा. आधी जुने नकाशे आणि नोंदी तपासतात, मग चाचणी चर खणतात. पण हे चर जागेच्या थोड्याशाच भागातून जातात. दोन चरांच्या मधे दफनभूमी निघाली, तर सगळा हिशेब फिरतो. म्हणून अनपेक्षित कामाची तरतूद करारात वेगळी लिहून घेणं फार गरजेचं.

सगळ्यात जास्त ओढाताण होते ती खणून झाल्यावर. यंत्रं आली, पाया भरला, विकासकाचं लक्ष उडालं. उत्खनन संस्थेचं निम्मं काम मात्र तेव्हा कुठे सुरू होतं. खापरं, हाडं, बिया, लाकूड, प्रत्येकाचा जाणकार वेगळा. लंडनच्या ब्लूमबर्ग इमारतीच्या जागी ओल्या चिखलात चारशेहून अधिक रोमन लाकडी लेखनपाट्या टिकल्या होत्या. त्यांतली एक ८ जानेवारी इसवी सन ५७ची, १०५ दिनारांच्या देण्याची कबुली! लाकडावर उरलेले पुसट ओरखडे वाचून हे वाचन २०१६ मध्ये छापलं गेलं. तोवर जाणकारांना पगार कुठून द्यायचा? माझं मत स्पष्ट आहे: हा खर्च पहिल्या दिवशीच बांधून घ्यावा, आणि अहवाल येईपर्यंत बांधकाम परवानगीला जोडलेली पुरातत्त्वाची अट उठवू नये.

मैदानात राबणाऱ्यांना बहुधा मुदतीची नोकरी मिळते. एक जागा संपली की दुसऱ्या गावी. २००८च्या मंदीत बांधकामं थांबली, तशी या अनुभवी माणसांची कामं गेली, आणि मातीचा रंग ओळखणारी नजर काही चार दिवसांत तयार होत नाही.

शेवटी उरतात सापडलेल्या वस्तूंची खोकी. ती संग्रहालयात जायची असतात, पण अनेक संग्रहालयांत जागाच शिल्लक नाही. मग ती संस्थेच्या गोदामात राहतात, आणि विकासकानं इमारत विकून टाकल्यावरही गोदामाचं भाडं संस्थाच भरत असते.