घोडा थांबेल हो, ट्रेलरचं काय?

(कळंबोली येथे ट्रेलरमालक, चालक आणि गॅरेजचालक यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, नमस्कार. समोर बसलेल्यांत निम्मे चालक आहेत, निम्मे मालक, आणि मागे भिंतीला टेकून उभे आहेत ते गॅरेजवाले. ब्रेकबद्दल या तिघांचं एकमत सहसा होत नाही. चालक म्हणतो ब्रेक लागत नाही, मालक म्हणतो लायनर, म्हणजे चाकाच्या ड्रमला घासणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या, फार लवकर संपतात, आणि गॅरेजवाला दोघांनाही म्हणतो, 'करून देतो.' तो नेमकं काय करून देतो, तिथूनच सुरुवात करू.

न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं. तेव्हापासून जासई, करळ फाटा, गव्हाण फाटा, पळस्पे, आणि तिकडे मुंब्रा बायपासवरून ठाण्यात शिरून घोडबंदरकडे, या रस्त्यांवर ट्रेलरची रांग कधी तुटलेली नाही. या रांगेत दोन तक्रारी कायम ऐकू येतात. गाडी लोड असली की ट्रेलर घोड्याला, म्हणजे ओढणाऱ्या पुढच्या गाडीला, मागून ढकलतो. गाडी खाली, म्हणजे रिकामी, असली की ब्रेक मारताच ट्रेलरची चाकं जाम होतात, तो उड्या मारतो आणि टायर एका जागी घासून चपटा होतो. तक्रारी दोन, पण मूळ एकच आहे: ब्रेक एकाच मापाचा आणि वजन दोन मापांचं.

आकडे बघा. मोठ्या कंटेनरच्या दारावर कमाल वजन लिहिलेलं असतं, ३०,४८० किंवा ३२,५०० किलो. तोच चाळीस फुटी कंटेनर रिकामा असेल तर चार टनांच्या आतबाहेर. म्हणजे सकाळी बंदरात रिकामा डबा सोडायला गेलेली गाडी दुपारी भरलेला डबा घेऊन निघते, तेव्हा मागचं ओझं पंचवीस टनांनी वाढलेलं असू शकतं. २०१८ मध्ये केंद्राने धुरावजनाची, म्हणजे एका आसावर पडणाऱ्या वजनाची, मर्यादा वाढवली आणि जोडगाडीची कमाल मर्यादा ४९ टनांवरून ५५ टनांवर गेली. वजन कायद्याने वाढलं. आपल्या ब्रेकच्या सेटिंगकडे कुणी पाहिलं?

आता गॅरेजवाला काय करतो? खाली गाडीत टायर चपटे होतात म्हणून मालक ओरडतो, आणि टायर महाग आहे. मग गॅरेजवाला ट्रेलरचे स्लॅक, म्हणजे ब्रेक कसायचे-ढिले करायचे आर्म, थोडे ढिले करून देतो. टायर वाचतो, मालक खूश. दुसऱ्या दिवशी त्याच ढिल्या ब्रेकवर तीस टन चढतात. रिकाम्या गाडीसाठी केलेलं सेटिंग भरलेल्या गाडीला लागू झालं. मला आज एवढंच सांगायचंय: खाली गाडीची तक्रार घालवायला ट्रेलरचा ब्रेक ढिला करू नका. ब्रेकचं माप नेहमी लोडवर ठरतं. खाली गाडीत जास्त पडणारी हवा कमी करायचं काम लोड सेन्सिंग व्हॉल्व्हचं आहे, चाक जाम होऊ न देणं एबीएसचं आहे. स्लॅकचा त्या कामाशी संबंध नाही. तो व्हॉल्व्ह अनेक गाड्यांवर असतोच, पण वजन ओळखणारी त्याची काडी कुणीतरी तारेने बांधून टाकलेली असते. आज घरी जाण्याआधी खाली वाकून ती काडी पाहा.

ट्रेलरने आपलं वजन आपण थांबवायचं, घोड्याने आपलं. उतारावर भरलेली बैलगाडी बैलांच्या अंगावर येते, तसा ब्रेक कमी पडलेला ट्रेलर किंगपिनवरून, म्हणजे दोघांना जोडणाऱ्या खिळ्यावरून, घोड्याला पुढे रेटतो. त्यातच घोड्याची मागची चाकं जाम झाली तर घोडा फिरतो आणि गाडी चाकूसारखी दुमडते. उलट ट्रेलरची चाकं जाम झाली तर ट्रेलर बाजूला फेकला जातो, शेजारच्या लेनमधल्या रिक्षावर. दोन्ही वेळा दोष जाम झालेल्या चाकाचा असतो. घसरणाऱ्या टायरची पकड फिरणाऱ्या टायरपेक्षा कमी, आणि त्याला दिशा नसते.

ट्रेलरचा ब्रेक उशिरा लागायला आणखी एक कारण आहे. पाय ठेवल्यावर हवेला पिवळ्या पाईपातून मागे जायचं असतं आणि ट्रेलरच्या टाकीतली हवा ब्रेकला सोडणारा रिले व्हॉल्व्ह उघडायचा असतो. घोड्याचे चेंबर, म्हणजे हवेने ब्रेकचा दांडा ढकलणारे गोल डबे, जवळ आहेत, ट्रेलरचे लांब. म्हणून घोड्यावरच्या ट्रेलर कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये बहुतेक वेळा एक सोय असते, ट्रेलरला घोड्यापेक्षा किंचित जास्त हवा द्यायची. त्याचा स्क्रू असतो. तो फिरवायचा मोह कुणाला होत असेल तर हात खिशात ठेवा. आधी प्रत्येक चाकाचा ब्रेक ठीक करा आणि पाईपांची गळती काढा. तो स्क्रू शेवटी, आणि तोही प्रेशर गेज लावूनच. आपल्याकडे घोडा एकाचा आणि ट्रेलर दुसऱ्याचा, जोडी रोज बदलते. आज स्क्रू फिरवून एका ट्रेलरला जुळवलेला घोडा उद्या दुसऱ्याला जोडला की पुन्हा बेसूर.

लाल पाईप मात्र वेगळा. त्यातून ट्रेलरच्या टाकीत हवा भरली जाते. तो तुटला किंवा निघाला तर ट्रेलरचा ब्रेक आपोआप लागतो. ही सुरक्षा आहे. ती बंद करायच्या युक्त्या मी या हद्दीत पाहिल्या आहेत. त्या सांगणार नाही, ज्यांना माहीत आहेत त्यांनी विसराव्यात.

आता मोजायचं कसं ते. गाडी सपाट जागी, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, पार्किंग ब्रेक सोडलेला, इंजिन बंद, टाकीत सहा ते सात किलो दाबाची हवा. चेंबरच्या, म्हणजे आपल्या बूस्टरच्या दांड्यावर तोंडाशी खडूने खूण करा. एकाने ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने खूण किती सरकली ते पट्टीने मोजायचं. साध्या ३० नंबरच्या चेंबरचा दांडा सगळा मिळून अडीच इंच जातो. दोन इंचांच्या पुढे गेला की तो ब्रेक सेटिंगबाहेर गेला, पेडल कितीही छान वाटत असलं तरी. लाँग स्ट्रोकचा चेंबर असेल तर त्याचं माप वेगळं, त्यावर लिहिलेलं असतं. ब्रेक दाबलेला असताना दांडा आणि स्लॅक यांच्यात काटकोन दिसायला हवा. तो काटकोन ओलांडला की तेवढ्याच हवेतून मिळणारा जोर कमी होतो.

हाताने कसायचा स्लॅक असेल तर लायनर ड्रमला टेकेपर्यंत कसा, मग पाव ते अर्धा फेरा मागे घ्या आणि परत मोजा. ऑटोमॅटिक स्लॅक असेल तर तो दर आठवड्याला पान्याने कसत बसू नका. तो स्वतः कसत नसेल तर तोच बिघडलाय, किंवा कॅमशाफ्टचं बुश गेलंय, किंवा पिन झिजलीय. पान्याने कसून तुम्ही फक्त आजार झाकता.

हे सगळं का, ते गरम ड्रममध्ये कळतं. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे लायनरपासून दूर जातो. दांड्याला जास्त लांब जावं लागतं. थंड असताना जो दांडा दोन इंच जात होता तो घाटात अडीचच्या टोकाला टेकतो. तिथे पुढे जागाच नाही. गेज आठ किलो हवा दाखवतंय, पेडल घट्ट आहे, आणि गाडी थांबत नाही. 'ब्रेक फेल झाला' असं आपण म्हणतो तेव्हा अनेकदा हवा असते, लायनर असतो, फक्त दांड्याची वाट संपलेली असते.

किती तापतो? लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर, खोपोली साधारण ६०. चाळीस टनांची गाडी हे साडेपाचशे मीटर उतरते तेव्हा तिला कुठेतरी सुमारे ६० युनिट विजेइतकी ऊर्जा टाकावी लागते. एवढी उष्णता एक तर इंजिन खाईल किंवा ड्रम. डिझेल वाचवायला जो न्यूट्रलमध्ये उतरतो तो सगळी साठ युनिटं ड्रमच्या गळ्यात घालतो. खालचा गिअर घाट सुरू व्हायच्या आधी टाका, इंजिनाचा धूर अडवून गाडी धरणारा एक्झॉस्ट ब्रेक लावा, आणि पाय सतत ठेवून घासत राहू नका. वेग आठ-दहा किलोमीटरने खाली येईल इतका ठाम ब्रेक, मग पूर्ण सोडा. काही जण उतारावर फक्त हँड लिव्हर, म्हणजे नुसत्या ट्रेलरचा ब्रेक लावणारा दांडा, ओढून ट्रेलरवर गाडी धरतात, घोड्याचे लायनर वाचतात म्हणून. मग ट्रेलरचे सगळे ड्रम एकदम तापतात आणि खाली वळणावर खरी गरज पडते तेव्हा मागचा ब्रेक उरलेला नसतो. मुंब्रा बायपासचा किंवा घोडबंदर रोडवरच्या गायमुखचा उतार खंडाळ्याइतका लांब नाही, पण पुढे सिग्नल, वळण आणि रांग असते.

मग हँड लिव्हर कशासाठी? तपासण्यासाठी. यार्डमधून निघताना, पुढेमागे कुणी नसताना, चालण्याच्या वेगात फक्त लिव्हर ओढा. ट्रेलरने मागून सरळ, सारखं ओढलं पाहिजे. एका बाजूला ओढला तर दुसऱ्या बाजूचा ब्रेक काम करत नाही. काहीच जाणवलं नाही तर खाली उतरा. आणि गाडी उभी करायला लिव्हर वापरू नका; हवा गळत गेली की तो धरलेला ब्रेकही जातो.

सपाट रस्त्यावर चार-पाच वेळा नेहमीसारखा ब्रेक मारून थांबा आणि लेझरच्या थर्मामीटरने प्रत्येक ड्रम बघा. हात लावू नका. एक ड्रम फार गरम दिसला की सगळे तो उघडायला धावतात. चाक अडकून घासत असेल तर ते बरोबर. पण ते चाक हलकं फिरत असेल तर गरम ड्रम बिचारा इतरांचं काम करतोय. थंड ड्रम शोधा. दोष तिथे आहे.

मागून चिठ्ठी आलीय. नेरुळचे एक तरुण गाडीमागे कॅम्पर ट्रेलर ओढणार आहेत आणि त्यांनी इलेक्ट्रिक ब्रेकचा कंट्रोलर मागवलाय. आपल्या सभेत वेगळा विषय, पण विचार तोच. त्यात हवा नसते. ड्रममधलं चुंबक वीज मिळाली की ड्रमच्या आतल्या पृष्ठभागाला चिकटतं आणि त्याच्या ओढीने लायनर बसवलेले शू उघडतात. चालकाजवळची पेटी किती वीज सोडायची ते ठरवते. स्वस्त पेटी ठरावीक वेळात वीज वाढवत नेते. चांगली पेटी गाडी किती जोरात मंदावते ते ओळखून तेवढीच देते. दुसरी घ्या.

तिच्यावर गेनचं, म्हणजे ब्रेकला जास्तीत जास्त किती वीज जावी ते ठरवणारं, बटण असतं. ते घरासमोर उभ्या गाडीत बसवता येत नाही. ट्रेलर प्रवासात असेल तेवढा भरा, कोरडा सपाट मोकळा रस्ता बघा, चार-दोनदा ब्रेक मारून ड्रम कोमट करा. मग ताशी चाळीसच्या वेगाने फक्त पेटीचा लिव्हर पूर्ण दाबा. ट्रेलरची चाकं जाम झाली तर गेन कमी, काहीच ओढलं नाही तर जास्त. जाम होण्याच्या जरा अलीकडे थांबा. सामान बदललं किंवा पाऊस लागला की पुन्हा बघा. एका चुंबकाला सुमारे तीन अँपिअर लागतात, म्हणजे चार चाकांना बारा. बारीक वायर आणि गंजलेलं अर्थिंग यात ते वाटेतच हरवतात, आणि माणूस गेन वाढवत बसतो. ट्रेलर डुलायला लागला तर गाडीचा ब्रेक जोरात मारू नका. पाय उचला आणि पेटीचा लिव्हर हलकेच दाबा.

ऑस्ट्रेलियात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक लागतोच, आणि दोन टनांच्या वर प्रत्येक चाकाला, शिवाय ट्रेलर सुटला तर आपोआप लागणारा. तो आपोआप लागणारा ब्रेक तुम्हीही बसवा. ट्रेलरवर छोटी बॅटरी आणि एक पिन; पिन ओढली गेली की ब्रेक लागतो. पिनची तार गाडीच्या चासीला बांधायची, हुकाला नाही. हुकाला बांधली आणि हुकच निघाला तर पिन ओढणार कोण?

मालकांचा एक प्रश्न राहतो, लायनरचा खर्च. ट्रेलरचे ब्रेक नीट लावले तर ट्रेलरचे लायनर आजच्यापेक्षा लवकर झिजतील, हे खरं आहे. ते आजवर झिजत नव्हते कारण घोड्याचे झिजत होते. हिशेब दोन्हींचा एकत्र मांडा.

बाहेर एक लोड गाडी उभी आहे. खडू आणि पट्टी मी आणलीय. ठोकळे लावल्याशिवाय कुणी खाली जायचं नाही.