गोवराला न साधणारी पळवाट

नमस्कार. मुंबईत पावसाळ्यात फ्लूचे रुग्ण वाढले की डॉक्टर ज्येष्ठांना दरवर्षी नवी लस घ्यायला सांगतात. गोवराची लस मात्र बालपणी दोन मात्रांत घेतली की बहुतेकांना जन्मभर पुरते. दोन्ही विषाणू आरएनएचे, म्हणजे आपली जनुकीय माहिती आरएनए या रेणूत साठवणारे, आणि तिची नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त करण्याची सोय दोघांकडेही नाही. मग हा फरक कशामुळे पडतो, एवढ्याच प्रश्नाचा आज विचार करू.

विषाणू ज्या प्रथिनाने आपल्या पेशीला चिकटतो त्यावर बसून त्याचा शिरकाव रोखणाऱ्या प्रतिपिंडांना (अँटिबॉडींना) निष्प्रभकारी प्रतिपिंडे म्हणतात. नक्कल होताना झालेली एखादी चूक प्रतिपिंडाच्या पकडीची जागा बदलते, आणि ज्या समाजात ती प्रतिपिंडे सर्वत्र आहेत तिथे नेमका तोच प्रकार फैलावतो. विषाणू काहीही ठरवून करत नाही. चूक आधी होते, निवड नंतर.

एच३एन२ हा फ्लूचा प्रकार १९६८ साली माणसांत आला. २००३पर्यंतच्या नमुन्यांच्या अभ्यासात असे दिसले, की प्रतिपिंडांना चकवणारे त्याचे मोठे बदल हिमॅग्लुटिनिन या पेशीला चिकटणाऱ्या प्रथिनातील अवघ्या सात जागांवर घडले होते, आणि त्या सातही जागा पेशीला चिकटणाऱ्या खोबणीच्या लगतच्या आहेत. खुद्द खोबणी बिघडली तर पेशीवरची पकडच सुटते, म्हणून विषाणू काठावर बदलत राहतो आणि जागतिक आरोग्य संघटनेला वर्षातून दोनदा लसीचे घटक ठरवावे लागतात.

याचे कारण चुकांच्या वेगात शोधण्याचा मोह होतो, पण करोना विषाणूकडे चुका दुरुस्त करणारे विकर (एन्झाइम) असूनही नोव्हेंबर २०२१मध्ये आढळलेल्या ओमिक्रॉनच्या स्पाइक प्रथिनात तीसहून अधिक बदल होते. खरा मुद्दा, माझ्या मते, बदल पेलण्याच्या क्षमतेचा आहे. गोवराच्या हिमॅग्लुटिनिनवर आपली प्रतिपिंडे एकाच वेळी अनेक जागी बसतात आणि त्यांतल्या काही जागांवाचून विषाणूला पेशीत शिरताच येत नाही. एखादी जागा बदलली तरी इतर प्रतिपिंडे त्याला अडवतात. अनेक जागा एकदम बदलाव्यात, तर पेशीत शिरणेच अवघड होते. त्यामुळे १९५४ साली वेगळ्या केलेल्या विषाणूपासून विकसित झालेली लस आजही उपयोगी पडते. २०२२मध्ये गोवंडीत गोवराची साथ आली तीही विषाणूने लसीला चकवल्यामुळे नव्हे, तर असंख्य मुलांपर्यंत लस पोहोचलीच नव्हती म्हणून. त्या मुलांचे आजारपण टाळता आले असते, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

फ्लूवर अशीच टिकाऊ लस करण्यासाठी संशोधक हिमॅग्लुटिनिनच्या देठाकडे, म्हणजे त्याच्या खालच्या भागाकडे, वळले आहेत, कारण तो भाग फारसा बदलत नाही. अडचण अशी, की आपले शरीर प्रतिपिंडे बनवते ती मुख्यतः वरच्या, सतत बदलणाऱ्या भागाविरुद्ध, आणि तो भाग वगळून केवळ देठ दाखवणारी लस घडवताना देठाचा मूळ आकार टिकवून धरणे हेच कठीण काम ठरते.