नसलेल्या माणसाच्या शोधात

श्रोतेहो, नमस्कार. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या १९५९ सालच्या ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ या चित्रपटाविषयी आज बोलायचे आहे. न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात एक नोकर ‘जॉर्ज कॅप्लन’ या नावाने पुकारा करीत फिरत असतो. नेमक्या त्याच क्षणी जाहिरात व्यवसायातला रॉजर थॉर्नहिल आईला तार करण्यासाठी त्याला हाताने खुणावतो, आणि दुरून पाहणारे हेरांचे हस्तक त्यालाच कॅप्लन समजून पळवून नेतात. एवढ्याशा हालचालीवर सव्वादोन तासांचा चित्रपट उभा आहे.

कॅप्लन कोण, हे गुपित दुसऱ्या कोणीही शेवटपर्यंत राखले असते. हिचकॉक आणि पटकथाकार अर्नेस्ट लेहमन ते बऱ्याच लवकर फोडतात. कॅप्लन नावाचा माणूसच नाही. शत्रूची दिशाभूल व्हावी म्हणून अमेरिकी गुप्तहेर खात्याने हॉटेलांतल्या खोल्या आणि त्यांत ठेवलेले कपडे एवढ्यावर तो रचलेला आहे. हे आपल्याला कळते, थॉर्नहिलला कळत नाही, आणि तो जिवाच्या आकांताने त्याच माणसाला शोधत फिरतो. अतिशयोक्तीवर पोट भरणाऱ्या माणसाला सरकारी थापेने गिळावे, यातली खोच मला फार आवडते. त्याच्या आद्याक्षरांतला मधला ‘ओ’ कशाचा, असे विचारल्यावर तो स्वतःच ‘कशाचाही नाही’ असे सांगतो!

या शोधातूनच तो इंडियानातल्या एका उघड्या माळावर, रणरणत्या उन्हात बसमधून उतरतो. चित्रीकरण प्रत्यक्षात कॅलिफोर्नियातले आहे. समोर येऊन उभा राहिलेला माणूस कॅप्लन असावा असे त्याला वाटते. तो मात्र, जिथे पीकच नाही तिथे ते दूरचे विमान औषध फवारते आहे, एवढे सहज बोलून आपल्या बसने निघून जातो. मग तेच विमान थॉर्नहिलवर चालून येते. अंधार, गल्लीबोळ, लांबलेल्या सावल्या यांपैकी काहीही न वापरता, लपायला जागाच नसलेल्या सपाट जमिनीवर हिचकॉक भीती उभी करतात, आणि बर्नार्ड हरमन यांचे एरवी उसळणारे संगीत ते विमान टँकरवर आदळेपर्यंत पूर्ण गप्प राहते. राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेल्या माउंट रशमोर डोंगरावरचा शेवटचा पाठलाग अधिक गाजला असला, तरी माझ्या मते तो या माळापुढे फिकाच पडतो.

शिवाय विनोद सुटत नाही. लिफ्टमध्ये मारेकरी शेजारी उभे असताना थॉर्नहिलची आई त्यांनाच विचारते, तुम्ही खरोखर माझ्या मुलाला मारणार आहात का? सगळी लिफ्ट हसते, मारेकरीसुद्धा; आणि थॉर्नहिल झालेल्या कॅरी ग्रांटच्या चेहऱ्यावरचा त्या क्षणीचा वैताग केवळ पाहण्यासारखा आहे.