आडोसा

(दृश्य : आषाढातला पाऊस. ग्रामीण रुग्णालयाचा व्हरांडा, निथळणाऱ्या छत्र्या, केसपेपरची खिडकी.)

केसपेपरवर लिहिलंय, 'पायरीवरून घसरून पडली.' कोकणातल्या पावसात हे कुणालाही पटेल. जांभ्याच्या पायरीवर शेवाळ धरलेलं असतंच. पण घसरलेल्या माणसाला लागतं ते कोपराला, गुडघ्याला. हिच्या दंडावर आतल्या बाजूने चार बोटांचे वळ आहेत. आणि शेजारी सासू उभी आहे, केसपेपर हातात घट्ट धरून.

प्रसंग रचलेला आहे. खऱ्या बाईवर कॅमेरा धरायचा नाही, हे आम्ही निघतानाच ठरवलं होतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत हिंसा सोसलेल्या बायकांना विचारलं होतं, कुणाला सांगितलंत? 100 पैकी 77 जणींनी ना मदत मागितली होती, ना कुणाजवळ तोंड उघडलं होतं. मागितली त्यांतल्याही निम्म्याहून अधिक जणींची धाव माहेरापर्यंत. मला मात्र या आकड्यापेक्षा तो मिळवायची रीत मोलाची वाटते. एका घरात एकाच बाईला हे प्रश्न विचारायचे, तेही एकांत मिळाला तरच. मध्ये कुणी डोकावलं की विषय बदलायचा.

मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली अशा बायकांना दवाखान्यातच आधार देणारं 'दिलासा' केंद्र उभं राहिलं. मार खाल्लेली बाई पोलीस ठाण्याआधी दवाखान्याची पायरी चढते, हे त्यामागचं साधं गणित.

इथे आडोसा मिळणंच कठीण. माजघरातलं बोलणं पडवीत ऐकू जातं, आणि पडवीतलं वाडीभर. 2015 पासूनच्या योजनेतलं 'सखी' केंद्र आहे जिल्ह्याच्या गावी : उपचार, समुपदेशन, वकील, पाच दिवसांचा निवारा, सगळं एका छताखाली. पण मंडणगडहून रत्नागिरी गाठायची तर एसटीत निम्मा दिवस जातो. शिवाय 'खंय चाललीस गो?' म्हणून स्टँडवर चारजण विचारणारच. हाताशी फोन असला तर 181 ही महिला हेल्पलाइन आहे.

मग घराची धास्ती. सातबाऱ्यावर भाऊबंदांची बारा नावं, हिचं एकही नाही. घरगुती हिंसाचाराचा 2005 चा कायदा सांगतो, राहत्या घरात राहण्याचा तिचा हक्क मालकीवर अवलंबून नाही. याच कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल करून दंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात, आणि त्याला दवाखान्याचे कागद जोडता येतात. म्हणूनच केसपेपरवरची ती एक ओळ पुढे महागात पडते.

(दृश्य : ड्रेसिंगची खोली.)

"मावशी, तेवढ्या गोळ्या घेऊन या बघू," नर्स सासूला म्हणते. औषधाच्या खिडकीवर रांग मोठी आहे. नर्स पडदा ओढते, स्टूल जवळ घेते.

"बाय, आता कोण नाय. खरा सांग, काय झाला?"

बाई आधी पडद्याखाली वाकून बघते, पलीकडे कुणाचे पाय दिसतात का.